चार पदरी

उन्हाळा अर्ध्यावर आला तशी नदी उथळ झाली, आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की तिच्यात जे वाहतंय ते तिचं नाहीच. वरून येणारी धार केव्हाच आटली होती. वरच्या अंगाला नगरपालिकेचा सांडपाण्याचा प्लांट होता. अख्ख्या शहराच्या मोऱ्या आणि संडास तिथे जाऊन मिळत, आणि त्याच्या सिमेंटच्या तोंडातून जे पडे तेवढंच पाणी पुढे चालत होतं. सवयीने लोक त्यालाच नदी म्हणत.

परटीण पोटरीभर पाण्यात उभी राहून दवाखान्याची चादर आपटत होती. दगडावरून फेस उडत होता, पण तो तिच्या सोड्याचा नव्हता. स्वतःचा फेस तिला लेकरासारखा ओळखू येई. तो पांढरा, हलका, आला तसा बसणारा. हा पिवळट होता, दुधावरच्या सायीसारखा जाड, आणि मनगटाला चिकटला की खाज सुटे. तिने चादर तीनदा खळबळली, पिळली, उन्हाकडे तोंड करून झटकली. गेल्या साली अशी झटकली की डोळे दिपायचे. आता तिच्यावर मळक्या दातांचा रंग होता.

शेजारच्या दगडावर तिचा नवरा नुसता बसून होता. त्याच्या पायांच्या बोटांमधली कातडी गेली होती. आठ दिवस त्याने रबरी बूट घालून पाहिले, तर बुटात पाणी शिरून आतल्या आत जास्तच शिजलं. सकाळपासून तो फक्त कोरड्या काठावरून गाठोडी पुढे सारत होता, आणि बायको पाण्यात नि आपण काठावर, हे त्याला पायांपेक्षा जास्त झोंबत होतं.

“पुन्हा एकदा काढू का?” परटिणीने विचारलं.

“कशातून काढणार?” तो म्हणाला.

त्याचंही बरोबर होतं. घरच्या नळाला एक दिवसाआड दोन घागरी पाणी यायचं, ते पिण्यापुरतं. काठावरच्या विहिरीला नदीचाच वास लागला होता. आणि चाळीस चादरी काही घागरीत धुता येत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं.

त्या चाळीस चादरी म्हणजे आता त्यांचं सगळं काम. खानावळवाल्याने फडकी परत नेली होती. शिक्षक, पोस्टमास्तर, बँकेतली माणसं एकेक करून घरीच धुऊ लागली होती; कुणी भांडलं नाही, फक्त गाठोडं यायचं थांबलं. राहिला तो दवाखाना. तोही गेला की घरात चार माणसं, दोन इस्त्र्या आणि एक भट्टी समोरासमोर बसणार होती.

चौथं माणूस म्हणजे त्यांची मुलगी, ती नापास न होता शाळेत जात होती एवढंच सध्या तिच्याबद्दल सांगण्यासारखं. तिसरं माणूस सासूबाई. त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा पडला होता, पण हात शाबूत होते, आणि खळ अजून त्याच करत. चादरीला खळ आणि नीळ द्यायची तर पाण्यात काडीभर कचरा चालत नाही, डाग धरतो. त्यासाठी त्यांचं एक जुनं मलमलीचं फडकं होतं. त्याची चार पदरी घडी घालायची, घागरीच्या तोंडाला बांधायची, आणि पाणी हळूहळू गाळायचं. गढूळ असलं तर आधी तुरटी फिरवायची, बसू द्यायचं, वरचं निवळ तेवढं घ्यायचं. सुनेला घरात आणल्यावर त्यांनी पहिली शिकवली ती हीच गोष्ट, आणि सुनेला ती अजूनही त्यांच्या मनासारखी जमली नव्हती. “तीन पदरी गाळलंस,” त्या नुसत्या बोटाने पाणी चाखून सांगत, आणि खरोखरच तीन पदर असत.

दवाखान्यात चादरी पोचवायला परटीण स्वतः गेली. मेट्रनबाई वाईट नव्हत्या. त्यांनी वरची चादर उचलली, नाकाशी नेली आणि बराच वेळ नाकाशीच धरून ठेवली, जणू काही चुकून चांगला वास येईलही. मग दार लोटून घेतलं. बाळंतिणींच्या पाठीवर पुरळ उठतंय म्हणाल्या. वरून विचारणा झालीय, शहरातला एक मशीनवाला येऊन भाव सांगून गेलाय. परटिणीने नदीचं सांगितलं. मेट्रनबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की पाणीच खराब आहे असं लेखी काही आणा, म्हणजे मला वर दाखवता येईल. तो कागद आला की पावसापर्यंत तुमच्यासाठी दवाखान्याच्या मागच्या टाकीचं पाणी मागून घेते. एवढं माझ्या हातात आहे.

एवढं पुष्कळ होतं. परटीण तशीच नगरपालिकेत गेली. तिथल्या कारकुनाने तिच्याकडे न बघता सांगितलं, “वास कागदावर येत नाही, बाई. नमुना द्या, तपासून घ्या, रिपोर्ट आणा.”

आता नमुना म्हटलं की तिला एकच माणूस आठवला, तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

भाऊ प्लांटवरच होता. टाकीत हवा सोडणारी यंत्रं सांभाळायचा, म्हणून सगळे त्याला हवावाला म्हणत. त्याचं घर प्लांटच्या भिंतीला लागूनच होतं, आणि त्या यंत्राची घरघर त्याच्या भिंतींतून, खाटेतून, फळीवरच्या ताटांतून चालू असायची. ताटं सारखी एकमेकांवर कुजबुजत. भावजयीने त्यांच्यामध्ये चिंध्या घालून पाहिल्या होत्या, पण ती काही गप्प बसली नाहीत. नव्या माणसाला तिथे जेवण जात नसे; हवावाल्याला ती घरघर नसली तर झोप येत नसे.

आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता. परटिणीने त्याला कडेवर घेऊन वाढवला. कामाबद्दल तो तिच्याशीच बोले, कारण बाकीचे नाकाला पदर लावत.

“टाकीत जनावरं आहेत, ताई,” तो सांगायचा. “डोळ्यांना दिसत नाहीत. शहराची सगळी घाण ती खातात, तक्रार नाही, सुट्टी नाही. त्यांना फक्त हवा पाहिजे. चार तास हवा बंद झाली की मरायला लागतात.”

हवेची यंत्रं दोन होती. त्यातलं एक थंडीपासून उघडं पडलं होतं. त्याचा सुटा भाग मागवलाय, मागवलाय असं चाललं होतं. दुसरं एकटंच दोघांचं ओढत होतं, तापलं की थांबवून त्याच्या अंगावर ओलं पोतं टाकायचं. तेवढ्या वेळात टाकी काळी पडे, आणि साहेब बाजूचं फाटक उघडायला लावत. मग शहराची घाण टाकीत न थांबता सरळ नदीत. रजिस्टरमध्ये मात्र रोज ‘सर्व ठीक’. लिहायचा कंटाळा आला म्हणून साहेबांनी त्याचा रबरी शिक्काच करून आणला होता. हवावाल्याने एकदा चौकशी केली होती, ‘सर्व ठीक नाही’ असाही शिक्का मिळतो का. साहेब हसले होते, पण तेव्हापासून त्याच्यावर डोळा होता.

परटिणीने त्याला काय हवंय ते सांगितलं. त्याने फळीवरचं कुजबुजणारं एक ताट हाताने दाबून धरलं. बाहेरच्या माणसाला आत घेतलं, नमुना काढू दिला, हे कळलं तर आधी कुणाला घालवतील हे दोघांनाही ठाऊक होतं. परटीण म्हणणार होती की राहू दे. पण चाळीस चादरींनी तिचं तोंड धरलं.

“तोंडाशी जाऊन काठावरून भरू नकोस,” तो शेवटी म्हणाला. “म्हणतील, काठाची घाण आहे. जिथे पडतं तिथलं, आतलं घ्यायचं. मी काढून देतो. तू फक्त बाटली आण.”

बाटली सरकारी प्रयोगशाळेतून मिळाली. जाड, काळपट काचेची, रुंद तोंडाची, वर लेबल. पांढऱ्या कोटातल्या मुलीने तीन गोष्टी बजावल्या. गच्च भरा, गार ठेवा, सहा तासांच्या आत आणा. प्रयोगशाळा दहाला उघडत होती.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू व्हायला परटीण प्लांटच्या मागच्या तारेशी उभी राहिली. हवावाल्याची रात्रपाळी संपत आली होती. त्याने तार वर उचलली, ती वाकून आत गेली. सिमेंटच्या तोंडातून करड्या रंगाची धार पडत होती, खाली फेसाचे ढिगारे गुराढोरांसारखे एकमेकांना ढकलत होते. हवावाल्याने पोटावर पालथं पडून हात खोल घातला. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली, मग भरली, पाण्याखालीच झाकण लावलं. उठला तेव्हा त्याचा सदरा छातीपर्यंत भिजला होता. लेबलवर त्याने वेळ लिहिली आणि बाटली दोन्ही हातांनी तिच्या हातात दिली, लहानपणी शाळेतली पाटी द्यायचा तशी.

“आता हिला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागायला नको,” तो म्हणाला.

परतताना वॉचमनने तिला तारेखालून निघताना पाहिलं. त्याने मान वळवली. पण वळवलेली मान म्हणजे न पाहिलेली गोष्ट नव्हे.

घरी पोचली तेव्हा साडेसहा झाले होते. नवऱ्याला ताप भरला होता. कालच्या चादरी ओल्या गाठोड्यात तशाच होत्या, आणि ओली चादर गाठोड्यात राहिली की तिला कुबट वास लागतो. होता तो पुरे होता. परटिणीने बाटली ओल्या कापडात गुंडाळली, पाण्याच्या घागरींजवळ सावलीत ठेवली, आणि गाठोडं डोक्यावर घेता घेता, प्रयोगशाळा समजावत न बसता, सासूबाईंना सांगितलं, “आई, ही पाण्याची बाटली साहेबांकडे द्यायचीय. गार राहू द्या.”

मग ती मागच्या माळावर गेली. चाळीस चादरी दोरीवर टाकायच्या, ताणायच्या, चिमटे लावायचे. वारा सुटला होता, दोन चादरी पडल्या, पुन्हा झाडून टाकल्या. नऊ वाजून गेल्यावर ती धावत परत आली, बाटली ओल्या कापडासकट उचलून टोपलीत ठेवली आणि निघाली. सासूबाई दारात बसून फडकं पिळत होत्या. ‘जपून जा’ म्हणाल्या. त्यांचं तोंड प्रसन्न दिसत होतं, एवढंच परटिणीला नंतर आठवलं.

प्रयोगशाळेत पांढऱ्या कोटातल्या मुलीने बाटली हातात घेऊन गार असल्याची खात्री केली, वेळ पाहिली, आणि एक कागद पुढे केला. नमुना भरल्यापासून देईपर्यंत माझ्याच ताब्यात होता, असं त्यावर छापलेलं होतं. परटिणीने खाली सही केली. सही करताना तिला बरं वाटलं. इतक्या दिवसांत तिच्या सांगण्याला कुणी कागद दिला नव्हता.

रिपोर्टला दहा दिवस लागणार होते. तिसऱ्या दिवशी हवावाल्याला साहेबांनी बोलावून घेतलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. त्याने ते बहिणीला असं सांगितलं जसं काही बदलीची बातमी देतोय. वर म्हणाला, “रिपोर्ट आला की घेतील परत. यंत्राला माझ्याशिवाय कुणाची सवय नाही.” तो दिवसभर भिंतीशी बसून पलीकडची घरघर ऐके. पोतं वेळेवर टाकत नाहीत, म्हणे. आवाजावरून कळतं.

त्या दहा दिवसांत परटिणीने चादरी जणू आजारी माणसं असल्यासारख्या धुतल्या. दुप्पट सोडा, दोनदा भट्टी. तिच्या तळहातांना भेगा पडल्या, भेगांत ते पाणी गेलं, आणि एका बोटाचं नख निळं पडून गळून गेलं. मुलीने शाळेच्या वहीचा कागद फाडून त्यावर गुंडाळला. नवरा ताप उतरल्यावर पुन्हा काठावर येऊन बसू लागला. ती त्याला सारखं सांगे, रिपोर्ट येऊ दे. तोही म्हणे, येऊ दे.

रिपोर्ट आला. परटिणीला तो घेऊन यायला जावंही लागलं नाही. प्रयोगशाळेने तो नगरपालिकेलाही धाडला होता, आणि नगरपालिकेने त्याच्या प्रती काढल्या होत्या. एक प्लांटच्या फाटकावर चिकटवली, एक धुण्याच्या दगडांवरच्या झाडाला खिळ्याने ठोकली. नागरिकाने स्वतः दिलेल्या नमुन्याची तपासणी, असं वर ठळक. खाली आकडे. आणि आकड्यांच्या खाली एक ओळ, ती मुलीने वाचून दाखवली. पाणी मर्यादेत असून धुण्यास योग्य आहे.

परटिणीने तिला पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. मुलगी दर वेळी जास्त हळू आवाजात वाचत गेली. खाली पाण्यावरून एक मेलेला मासा फेसात अडकून गोल गोल फिरत होता, जसं काही त्यालाही पुढे काय करायचं ते कळत नव्हतं.

दवाखान्यात तो कागद तिच्या आधी पोचला होता. मेट्रनबाईंच्या टेबलावर पडलेला होता. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिला खुर्ची दिली.

“तुम्हीच दिलेला नमुना आहे,” त्या म्हणाल्या. “पाणी चांगलं आहे म्हणे. मग राहिलं काय? तुमचे हात.”

परटिणीने हात टेबलाखाली घेतले. मेट्रनबाईंनी सोमवारपासून मशीनवाल्याची गाडी येईल असं सांगितलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. परटीण उठली तेव्हा तिच्याबरोबर त्याही उठल्या, हे तिच्या ध्यानात राहिलं. त्याने काही फरक पडला नाही.

ती घरी गेली नाही. सरळ भावाच्या दारात गेली. तो भिंतीशी बसला होता, मांडीवर तोच कागद. तिने विचारलंसुद्धा नाही. बाटली तूच बदललीस, म्हणाली. दुसरं कुणाला ठाऊक होतं? नोकरी परत मिळावी म्हणून रातोरात साहेबांशी जुळवून घेतलंस, मला पुढे करून. भावजय बाहेर आली, तिने काही सांगायचा प्रयत्न केला. परटीण थांबली नाही. तिच्या आत दहा दिवसांचा सोडा उकळत होता.

“ताई, बाटली मी तुझ्या हातात दिली,” हवावाला म्हणाला. “पुढे ती तुझ्या हातात होती.”

“तुझ्या त्या जनावरांची लाज वाटू दे,” ती म्हणाली. “घाण खातात ती, पण निदान पचवून पाणी करतात. तू पाण्याची घाण केलीस.”

त्याने मूठ वळली. लहानपणीही तो असाच करायचा; न केलेल्या गोष्टीचा मार खाताना हाताची मूठ वळून तिच्याकडे बघत राहायचा. तेव्हा तिला लगेच कळायचं. आज कळलं नाही.

घरी आली तो सासूबाई खळ करत बसल्या होत्या. समोर घागर, तोंडाला फडकं बांधलेलं. सोमवारपासून या खळीला चादरच नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नवरा भिंतीकडे तोंड करून निजला होता; त्याला मुलीकडून कळलं होतं. परटीण चुलीशी टेकली. तिला पाय धुवायचे होते, पण कशाने धुवायचे ते सुचेना.

“साहेबांचं काय झालं गं?” सासूबाईंनी विचारलं. “पाणी नेलं होतंस ना त्यांना. काय म्हणाले?”

“चांगलं आहे म्हणाले.”

सासूबाईंचा हात थांबला. त्यांच्या सारा पडलेल्या डोळ्यांत हसू आलं.

“म्हणतीलच. तू घाईत होतीस, कुठलं भरून आणलंस देव जाणे. बूच काढलं तर वास असा की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या घरातून असं पाणी साहेबाच्या हातात द्यायचं? पहिली तुरटी फिरवली. तळाचा गाळ टाकला. मग चार पदरी गाळून घेतलं. अर्धी बाटली कमी भरली, ती आपल्या घागरीतल्या पाण्याने भरून काढली. गारच ठेवलं, तू सांगितलंस तसं.”

त्या सकाळचे आपले शब्द परटिणीला आठवले. गार राहू द्या, एवढं ती म्हणाली होती. हात लावू नका, एवढं म्हणायचं राहिलं होतं. आणि म्हटलं असतं तरी काय, हात न लावता पाणी कुणाच्या पुढे ठेवायचं, हे त्या बाईला जन्मात कुणी शिकवलं नव्हतं.

“का गं? तीन पदरी वाटलं का त्यांना?”

“नाही, आई,” परटीण म्हणाली. “चार पदरीच वाटलं.”

तिने ते फडकं कुठेय ते विचारलं. तेव्हा वापरलेलं हे नव्हेच, सासूबाई म्हणाल्या; ते तीनदा उकळलं तरी डाग जाईना, खळीला कसं चालायचं, म्हणून बाजूला टाकलं. दाराच्या खिळ्याला ते लटकत होतं. परटिणीने ते घेतलं, उलगडलं नाही, मुठीत धरलं आणि आल्या वाटेने परत निघाली. उन्हं कलली होती. दगडांजवळून जाताना तिने झाडावरच्या कागदाकडे पाहिलं नाही.

हवावाला अजून तिथेच बसला होता, ती सोडून गेली तसाच. भावजयीने तिला पाहिलं आणि दारातून आत गेली. परटीण त्याच्यासमोर उकिडवी बसली. कसं सांगायचं ते तिने वाटेत ठरवलं होतं, ते सगळं गेलं. तिने फडकं त्याच्या मांडीवर ठेवलं आणि चार वाक्यांत सांगून टाकलं. तुरटी. तळाचा गाळ. चार पदर. घागरीचं पाणी.

त्याने फडकं नाकाशी नेलं. मग घडी उलगडली. पहिल्या पदरावर काळं वर्तुळ होतं. दुसऱ्यावर तपकिरी. तिसऱ्यावर फिकट पिवळं, वाळलेल्या पानासारखं. चौथा पदर जवळजवळ पांढरा. तो एकेका वर्तुळावर बोट ठेवत गेला, जसा प्लांट बघायला आलेल्या माणसांना एकेक टाकी दाखवत असे.

“ताई,” तो म्हणाला, “तुझ्या सासूबाईंना आमच्याकडे घ्यायला हवं होतं.”

तिला हसू आलं. तोही हसत होता, त्याचे खांदे हलत होते, आणि मग ते हसण्यासारखे हलेनात. ती पुढे सरकून त्याची मान धरणार होती. पण त्याने एकदम हात वर केला. गप्प राहा म्हणून.

तिने कान दिला. काहीच ऐकू येईना. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की खरंच काही ऐकू येत नव्हतं. भिंत गप्प होती. आत फळीवरची ताटं गप्प होती. भावजय दारात येऊन उभी राहिली, हातात एक ताट, जणू त्यालाच विचारत होती.

“किती वाजता थांबलं?” हवावाल्याने तिला विचारलं.

दुपारीच, ती म्हणाली. तुम्ही दोघं बोलत होतात तेव्हा. मला वाटलं, पोतं टाकलंय.

त्याने सूर्याकडे बघून मनात तास मोजले. चार केव्हाच उलटून गेले होते, हे त्याच्या तोंडावरून कळलं. भिंत छातीएवढीच होती, पण त्याला तिच्यावरून जायला मनाई होती. तो उठून भिंतीशी गेला, पलीकडे बघत उभा राहिला, आणि त्याचे दोन्ही हात सदऱ्याच्या कडेवर काहीतरी फिरवत राहिले, यंत्राच्या चाकासारखं.

परटीण तिथेच बसून राहिली. मांडीवरून गळून पडलेलं फडकं तिने उचललं, धूळ झटकली, आणि सवयीने त्याची घडी घातली. एक. दोन. मग आणखी दोन. वरून बघितलं तर ते पांढरं दिसत होतं.